जागेचा खेळ आणि चालणारी माणसे



ज्यांच्या स्मरणार्थ आपण दर वर्षी इथे जमतो, ते सर अर्थशास्त्राच्या तासाला फळ्यावर आलेख काढण्याआधी भिंतीवर जिल्ह्याचा नकाशा टांगत. मागणी आणि पुरवठा या रेषांना गाव नसते, पण विकणाऱ्याला आणि विकत घेणाऱ्याला असते, असा त्यांचा आग्रह होता. म्हणून आज मी नकाशावर खेळायच्या एका खेळाविषयी बोलणार आहे. प्रतिस्पर्धी समोर असताना आपले दुकान, आपला दवाखाना, आपला कारखाना कुठे उभा करायचा, हा तो खेळ. अर्थशास्त्रज्ञ आणि गणितज्ञ तो जवळजवळ शंभर वर्षे खेळत आहेत. आपल्या राज्यात तो उसाच्या फडात, हजारो कुटुंबांचे वर्षभराचे उत्पन्न पणाला लावून खेळला जातो.

आधी खेळ मांडू. एक सरळ रस्ता आहे. त्याच्या कडेने सारख्या अंतरावर १०० घरे आहेत, १ ते १०० क्रमांकांची. दोन दुकानदार आहेत. दोघांचा माल एकच, भावही एकच. त्यामुळे प्रत्येक घर जवळच्या दुकानात जाते. पहिल्याने २५ क्रमांकाच्या घरासमोर दुकान टाकले, दुसऱ्याने ७६ क्रमांकाच्या. १ ते ५० घरे पहिल्याकडे गेली, ५१ ते १०० दुसऱ्याकडे. कुणालाही २५ घरांपेक्षा जास्त चालावे लागत नाही, आणि सगळ्यांची सरासरी काढली तर माणूस साडेबारा घरे चालतो. याहून चांगली मांडणी या रस्त्यावर होऊच शकत नाही.

पण ही मांडणी टिकत नाही. दुसऱ्या दुकानदाराने एका रात्रीत दुकान उचलून २६ क्रमांकासमोर आणले, तर २६ ते १०० अशी ७५ घरे त्याची होतात आणि पहिल्याकडे २५ उरतात. मग पहिला २७ समोर जातो आणि ७४ घरे घेतो. अशा उड्या मारत दोघे ५० आणि ५१ क्रमांकांवर येऊन थांबतात. आता जो हलेल तो गमावेल, म्हणून कुणी हलत नाही. दोघांची गिऱ्हाइके पूर्वीइतकीच, पन्नास-पन्नास. दुकानदारांचे काही वाढले नाही, काही घटलेही नाही. बदलले ते फक्त रस्त्यावरच्या लोकांचे. पहिल्या घरातल्या माणसाला पूर्वी २४ घरे चालावे लागे, आता ४९. सरासरी साडेबारावरून साडेचोवीसवर गेली. दोन्ही दुकानदार शहाण्यासारखे वागले, कुणी कुणाला फसवले नाही, आणि तरीही सगळ्या वस्तीचे चालणे जवळजवळ दुप्पट झाले.

हा विचार प्रथम नीट मांडला हॅरॉल्ड होटेलिंग यांनी, १९२९ साली, इंग्लंडच्या ‘इकॉनॉमिक जर्नल’मधल्या एका लेखात. होटेलिंग अमेरिकेतल्या मिनेसोटातले, जन्म १८९५ चा. महाविद्यालयात ते पत्रकारिता शिकले, मग गणिताकडे वळले आणि प्रिन्स्टनमधून गणितात डॉक्टरेट घेतली. संख्याशास्त्रात त्यांचे नाव आजही रोज घेतले जाते. केनेथ अॅरो हे नोबेल मिळवणारे अर्थशास्त्रज्ञ त्यांचे विद्यार्थी. लेख लिहिला तेव्हा ते स्टॅनफर्डला होते. त्यांच्या डोळ्यांसमोर एखाद्या गावाचा मुख्य रस्ता होता किंवा खंड ओलांडून जाणारी रेल्वे. लेखाच्या अखेरीस ते दुकानांच्या पलीकडे जातात. अमेरिकेतले दोन मोठे पक्ष, शेजारशेजारच्या पंथांची चर्चे, सफरचंदाचा रस विकणारे कारखाने, हे सगळे एकमेकांसारखे का होत जातात, याचे उत्तर त्यांना याच रस्त्यावर दिसले. पुढे १९५७ मध्ये अँथनी डाउन्स यांनी निवडणुकांचे अख्खे पुस्तक त्यावर उभारले. राजकारणात आज मी शिरणार नाही. त्याच्यावर बोलायला वक्ते पुष्कळ मिळतात, उसाच्या वाहतुकीवर बोलायला मिळत नाहीत.

आता एक तिसरा दुकानदार आणा. ५०, ५१ आणि ५२ अशी तीन दुकाने लागली, तर मधल्याला फक्त स्वतःसमोरचे एक घर मिळते. तो उडी मारून ४९ वर जातो आणि ४९ घरे घेतो. मग ५० वाला मधे सापडतो आणि तोही उडी मारतो. तिघांचा खेळ कधीच स्थिरावत नाही. चौघे आले की पुन्हा शांतता होते. दोघे पाव अंतरावर एकमेकांना चिकटून बसतात, दोघे पाऊण अंतरावर. तरी इथेही लोकांना गरजेच्या दुप्पट चालावे लागते. चार दुकाने चार ठिकाणी असती तर जे काम झाले असते, ते दोन ठिकाणांवरून होते.

रस्ता सोडून मैदानात आलो की खेळ आणखी अवघड होतो. इथे प्रत्येक दुकानाभोवती त्याच्या जवळच्या जागेचा एक बहुभुज तयार होतो. अशा आकृतींना गेओर्गी वोरोनोई या, १८६८ ते १९०८ अशा छोट्या आयुष्यात मोठे काम करून गेलेल्या, गणितज्ञाचे नाव आहे. दोन खेळाडू आळीपाळीने ठिपके टाकतात आणि शेवटी ज्याच्या वाट्याला जास्त क्षेत्रफळ तो जिंकतो. ओटफ्रीड चेओंग, यिरी माटूशेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या शतकाच्या आरंभी याचे गणित सोडवले. एका रेषेवर आळीपाळीने खेळले तर मागून खेळणारा जिंकतो, पण पहिला ती हार हवी तितकी छोटी करू शकतो. चौरसावर मात्र पहिल्याने आपले सगळे ठिपके एकदम मांडले आणि मग दुसऱ्याने मांडले, तर ठिपके पुरेसे असताना दुसरा ठसठशीत फरकाने जिंकतो. पहिल्याने कितीही विचारपूर्वक मांडणी केली तरी उपयोग नसतो. आधी येऊन बसणाऱ्याने जागा पटकावली असे आपण समजतो, पण मैदानात आधी येणारा उघडा पडतो. हे मला महत्त्वाचे वाटते, कारण आधी बसलेले लोक पुढच्यांना अडवायला कायदे का मागतात, याचे कारण इथे सापडते.

होटेलिंग यांच्या लेखात एक चूक होती, आणि ती सापडायला पन्नास वर्षे लागली. दुकाने चिकटून बसली तरी भाव शांत राहतील असे त्यांनी धरले होते. १९७९ मध्ये क्लॉद दास्प्रेमाँ, जाँ गाब्शेविच आणि जाक-फ्रान्स्वा तिस यांनी दाखवून दिले की तसे होत नाही. शेजारी शेजारी बसलेल्या दोघांपैकी एकाने भाव रुपयाने पाडला की सगळे गिऱ्हाईक त्याच्याकडे जाते. मग दुसरा पाडतो. भावाची घसरण कुठेच थांबत नाही. ती टाळायची म्हणून शहाणा दुकानदार लांब जातो. प्रवासाचा खर्च अंतराच्या वर्गाने वाढतो असे धरले, तर दोघे थेट रस्त्याच्या दोन टोकांना जाऊन बसतात, असे त्यांचे गणित सांगते.

म्हणजे ज्या धंद्यात भाव ठरवण्याची मुभा आहे, तिथे दुकाने एकमेकांपासून दूर सरतात. ज्या धंद्यात भाव बाहेरून ठरलेला आहे, तिथे ती चिकटतात. हा भेद आपल्याकडे लख्ख दिसतो. औषधाच्या पाकिटावर किंमत छापलेली असते, म्हणून दुकानदाराकडे भावाचे हत्यार फारसे नसते, जागेचेच असते. कोणत्याही तालुक्याच्या गावी सरकारी रुग्णालयाच्या फाटकासमोर जा. औषधांची दुकाने ओळीने उभी दिसतील. त्याच तालुक्यातल्या डोंगराकडच्या दहा गावांत एकही नसेल. दुकानदारांना दोष देण्यात अर्थ नाही. नियमांनी त्यांना मध्यावर बसवले आहे.

मात्र सगळी गर्दी एका जातीची नसते. पुण्यात अप्पा बळवंत चौकात पुस्तकांची दुकाने एकाशेजारी एक आहेत, लक्ष्मी रस्त्यावर सराफ आणि साड्यांची दुकाने आहेत. तिथे गिऱ्हाईक चार दुकाने पाहायला, तुलना करायलाच येते. एकट्या दुकानाकडे ते आलेच नसते. ही गर्दी ग्राहकाच्या कामाची आहे. होटेलिंग यांची गर्दी ग्राहकाच्या काही कामाची नाही, कारण तिथे चारही दुकानांत तेच आहे. ज्या गर्दीत फिरून निवडायला काही मिळत नाही, फक्त तिथवर चालावे लागते, तिच्याबद्दल मी बोलतो आहे.

आता या खेळातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट. होटेलिंग यांच्या रस्त्यावरचा माणूस कितीही दूर असला तरी खरेदी करतोच. १९४१ मध्ये आर्थर स्मिथीज यांनी विचारले, तो खरेदी थांबवू शकत असेल तर? पहिल्या घरातला माणूस म्हणाला, ‘इतक्या लांब नाही येत, त्याच्यावाचून चालवीन,’ तर? मग दुकानदाराला मध्याकडे सरकण्याची किंमत मोजावी लागते. टोकाची गिऱ्हाइके गळतात. ती टिकवायला त्याला टोकाकडे सरकावे लागते. म्हणजे दुकान कुणाकडे सरकते? जो नाही म्हणू शकतो त्याच्याकडे. ज्याला पर्याय नाही, ज्याला यावेच लागते, त्याच्याकडे ते कधीच सरकत नाही. आजाऱ्याला औषध लागतेच. फडात उभ्या असलेल्या तयार उसाला तोड लागतेच.

आता उसाकडे वळतो.

साखर कारखाना कुठे असावा याचे सर्वांत जुने उत्तर वजनाचे आहे. आल्फ्रेड वेबर या जर्मन अभ्यासकाने १९०९ मध्ये नियम मांडला, की प्रक्रियेत ज्या मालाचे वजन घटते त्याचा कारखाना कच्च्या मालाजवळ जातो. शंभर टन उसातून साधारण दहा-अकरा टन साखर निघते. शिवाय तोडलेला ऊस वाळतो, त्याचा उतारा तासातासाने कमी होतो. त्यामुळे मुंबईत साखर कारखाना निघाला नाही, तो कालव्यावर निघाला. नीरेचा डावा कालवा १८८५ च्या सुमाराचा, प्रवरेवरचे भंडारदरा धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले. हरिगावचा बेलापूर कारखाना, नीरेच्या पाण्यावरचे वालचंदनगर, माळीनगर, हे जुने खाजगी कारखाने पाण्याच्या रेषेवर बसलेले दिसतात. होटेलिंग यांचा सरळ रस्ता ज्याला खोटा वाटत असेल त्याने प्रवरेचे कालवे पाहावेत. दोन्ही बाजूंना पट्टाभर ऊस आणि मधून जाणारी एक रेघ. फरक इतकाच की इथे कारखाना विकत नाही, विकत घेतो. गिऱ्हाईक तोच आहे आणि अंतर शेतकऱ्याच्या मालाने कापायचे आहे.

प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटलांनी शेतकऱ्यांना उभे केले, धनंजयराव गाडगीळ अध्यक्ष झाले आणि १९५० च्या अखेरीस सहकारी कारखान्याचा पहिला गाळप हंगाम सुरू झाला. सहकाराचा इतिहास आपल्याला भांडवल, कर्ज आणि पुढारी यांच्या भाषेत सांगितला जातो. जागेच्या खेळाच्या भाषेत तो कुणी सांगितलेला मी पाहिला नाही, म्हणून आज सांगतो. खाजगी कारखानदाराला शेतकऱ्याचे चालणे दिसत नाही, कारण त्याचा खर्च त्याच्या वहीत येत नाही. सभासद शेतकरीच मालक असला की वहीही त्याची आणि वाटही त्याची. अशा मालकाने जागा निवडली तर तो आपोआप पंचविसाव्या घरासमोर बसेल, पन्नासाव्या घरासमोर जाऊन गर्दी करणार नाही, कारण चालण्याचा सगळा खर्च शेवटी त्यालाच सोसायचा आहे. गाडगीळ हे पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालक, फळबाजारापासून मोटार वाहतुकीपर्यंत पाहणी करत हिंडलेला माणूस. अंतर म्हणजे पैसा हे त्यांना कुणी शिकवावे लागले नसते. प्रवरेचे यश मोजताना भांडवलाच्या जोडीला हेही मोजले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

पुढे त्याच जिल्ह्यात राहुरी, संगमनेर, श्रीरामपूर असे कारखाने निघत गेले आणि महाराष्ट्रभर ही रीत पसरली. प्रत्येकाला कार्यक्षेत्र ठरवून दिले होते. त्या क्षेत्रातला ऊस त्याच कारखान्याला घालायचा, याला शेतकरी झोनबंदी म्हणत. शरद जोशी आणि शेतकरी संघटना तिच्याविरुद्ध लढले, कारण झोनबंदीत शेतकऱ्याला नाही म्हणता येत नव्हते. स्मिथीज यांच्या भाषेत सांगायचे, तर दुकान त्याच्याकडे सरकण्याचे कारणच उरले नव्हते. झोनबंदी उठली, १९९८ मध्ये साखर उद्योगाची परवाना पद्धतही केंद्राने काढून टाकली, आणि खेळ मोकळा झाला.

मोकळा, पण एक नियम ठेवून. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात २००६ मध्ये दुरुस्ती झाली आणि दोन कारखान्यांत किमान १५ किलोमीटर हवाई अंतर असावे असे ठरले. राज्यांना ते वाढवण्याची मुभा होती. महाराष्ट्राने २५ किलोमीटर केले. ऐकायला हा छोटा बदल वाटतो. कागदावर काढून पाहा. कारखाने एकमेकांपासून सारख्या अंतरावर षट्कोनी मांडणीत बसवले, तर १५ किलोमीटरच्या नियमाने प्रत्येकाला सुमारे १९५ चौरस किलोमीटर मिळतात, २५ च्या नियमाने सुमारे ५४१. जवळजवळ पावणेतीनपट. आता दिवसाला २,५०० टन गाळणारा कारखाना १६० दिवस चालला, तर त्याला ४ लाख टन ऊस लागतो. हेक्टरी ८० टन धरले तर ५,००० हेक्टर, म्हणजे ५० चौरस किलोमीटर. २५ च्या नियमाने मिळणाऱ्या क्षेत्राच्या एक दशांशाहूनही कमी. सिंचन असलेल्या तालुक्यात इतका ऊस सहज असतो, त्याहून कितीतरी जास्त असतो. म्हणून कारखान्यांनी गाळपक्षमता वाढवत नेली. या अंतराने कारखान्याला निर्धास्त केले, हे खरे आहे.

निर्धास्त करण्यामागे कारण होते, आणि ते खोटे नव्हते. एकाच्या दाराशी दुसरा कारखाना आला, दोघांना ऊस अपुरा पडला, हंगाम शंभर दिवसांत आटोपला, कर्जे थकली आणि शेवटी शेतकऱ्याचीच बिले बुडाली, असे आपण पाहिले आहे. मघाचा वोरोनोईचा खेळ आठवा. मागून येणारा आधीच्याचे क्षेत्र खाऊ शकतो. त्या भीतीला उत्तर म्हणून अंतराची अट आली. माझा आक्षेप अंतर मोजण्याच्या जागेवर आहे. नियम कारखान्यापासून कारखान्यापर्यंत मोजतो. शेतकऱ्याच्या शेतापासून तो मोजतच नाही.

शेतापासून मोजले की चित्र कसे दिसते? षट्कोनाच्या कोपऱ्यावरच्या शेताला तीन कारखाने आहेत, तिन्ही सारख्याच अंतरावर, साधारण साडेचौदा किलोमीटरवर. तिथल्या शेतकऱ्याकडे तिघांचे शेतकी अधिकारी येतात, आधी तोड देतो म्हणतात. कारखान्याच्या भिंतीला लागून ज्याचे शेत आहे त्याला दुसरा कारखाना २५ किलोमीटरवर. आपल्याला वाटते की जवळचा तो सुखी. पण नाही म्हणण्याची ताकद त्याच्याकडे सगळ्यांत कमी आहे. होटेलिंग यांच्या रस्त्यावर सीमेवरचे गिऱ्हाईक जवळच्या गिऱ्हाइकाचे रक्षण करते. भाव सगळ्यांना एकच असतो, म्हणून सीमेवरच्याला राखण्यासाठी दिलेली सवलत जवळच्यालाही मिळते. उसात हे रक्षण अर्धेच होते. दर सगळ्यांना सारखा मिळतो, पण तोडीची पाळी सारखी मिळत नाही. सीमेवरचा ऊस आधी उचलला जातो, कारण तो पळून जाऊ शकतो. दाराशी असलेला ऊस फडात थांबतो, तुरा येतो, वजन घटते.

आणि वाहतुकीचा खर्च? केंद्र सरकार रास्त व किफायतशीर दर ठरवते, म्हणजे किमान भाव बाहेरून येतो. त्यातून तोडणी-वाहतूक कापून शेतकऱ्याला पैसे मिळतात. ही कपात कारखाना सगळ्या उसावर सरासरी काढून करतो, ही आपल्याकडची रूढ पद्धत. दोन किलोमीटरवरच्या आणि चाळीस किलोमीटरवरच्या शेतकऱ्याला कपात सारखीच. यात एक न्याय आहे. टपालाचे तिकीट जसे जवळच्या आणि लांबच्या पत्राला एकच, तसे हे लांबच्या सभासदाला सांभाळून घेते. तो न्याय मला सोडायचा नाही. पण याच सरासरीचा आधार घेऊन कारखाना कार्यक्षेत्राबाहेर, पन्नास-साठ किलोमीटरवर, गेटकेन म्हणजे बाहेरचा ऊस आणायला जातो. त्या लांबच्या खेपांनी सरासरी वाढते आणि ती दाराशी असलेल्या, तोडीसाठी थांबलेल्या शेतकऱ्याच्या बिलातून जाते. म्हणजे त्याला नाही म्हणता येत नाही आणि दुसऱ्याच्या वाटेचे भाडे मात्र भरावे लागते. माझ्या मते कार्यक्षेत्रातल्या उसाला सरासरी राहावी, आणि गेटकेनचा त्यावरचा वाहतूक खर्च कारखान्याने स्वतःच्या नफ्यातून सोसावा. हा नियम लिहायला एक परिच्छेद पुरतो.

अंतराची अट काढून टाका, असे २०१२ मध्ये सी. रंगराजन यांच्या समितीने सुचवले होते. समितीचा विचार सरळ होता, की स्पर्धा वाढू द्या, शेतकरी ज्याला हवा त्याला ऊस देईल. मी त्यांच्याबरोबर अर्ध्यापर्यंत जातो. ऊस कुणालाही घालण्याचा हक्क निर्विवाद हवा. पण अट नुसती काढली, तर नवे कारखाने जिथे आधीच पाच आहेत तिथेच सहावे म्हणून बसतील. पन्नासाव्या घरासमोर गर्दी होईल आणि पहिल्या घराला काही मिळणार नाही, कारण खेळ तसाच आहे. त्याऐवजी नव्या कारखान्याच्या अर्जाला एक प्रश्न विचारावा, की तुमच्यामुळे किती शेतांना पहिल्यांदा दुसरा पर्याय मिळतो? ज्या जागेने हा आकडा मोठा होतो, तिला परवानगी आधी. मग दोन कारखान्यांत १८ किलोमीटर आहेत की २६, याला फारसा अर्थ राहत नाही. शेतापासून दुसरा कारखाना किती लांब, याला राहतो. राज्यात गेले काही हंगाम दोनशेच्या आसपास कारखाने गाळप करत आले आहेत. त्यांच्या जागा, गावांचे उसाचे क्षेत्र, हे सगळे साखर आयुक्तालयाकडे आहे. ही आकडेमोड आज संगणकावर एका दुपारी होईल.

सरकार असा विचार करूच शकत नाही, असे कुणी म्हणू नये. प्राथमिक आरोग्य केंद्रांचा निकष पाहा. सपाट भागात ३०,००० लोकांमागे एक, डोंगराळ आणि आदिवासी भागात २०,००० मागे एक. मेळघाटात किंवा धडगावला वाट जास्त चढायची असते, म्हणून माणसांची संख्या कमी धरली. ही जागा वाटताना कुणीतरी चालणाऱ्याच्या बाजूने विचार केला होता. केंद्रात डॉक्टर असतो की नाही, हा वेगळा आणि गंभीर प्रश्न आहे. पण जागेचा निकष बरोबर माणसापासून मोजला आहे.

एका अंतराबद्दल बोलल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. बीड, धाराशिव, पाथर्डीकडून दिवाळीनंतर ऊसतोड कामगार बिऱ्हाड पाठीवर घेऊन शेकडो किलोमीटर येतात. मुकादमाची उचल फेडायला पाच-सहा महिने फडात राहतात. शाळा मागे राहते, दवाखाना मागे राहतो. होटेलिंग यांच्या लेखात, दास्प्रेमाँ यांच्या गणितात, अंतराच्या अटीत किंवा गेटकेनच्या हिशेबात त्यांचे अंतर कुठेच नाही. मी आज मांडलेल्या गणितातही ते नाही. कारखान्याची जागा त्यांना विचारून ठरलेली नाही आणि नाही म्हणण्याची त्यांची ताकद सगळ्यांत कमी आहे. हंगामी वसतिगृहे, फडाजवळची शाळा, ट्रॉलीने येणाऱ्या बाईसाठी तपासणी, हे कारखान्याच्या परवान्याच्या अटींत गेले पाहिजे. ऊस गाळायची परवानगी मागणाऱ्याने तोडणारा कुठे राहणार, हे आधी सांगावे.

इथे बसलेल्या विद्यार्थ्यांना माझी एक विनंती आहे. आपापल्या तालुक्याचा नकाशा घ्या. प्रत्येक गावापासून सर्वांत जवळचा कारखाना आणि दुसरा कारखाना, सर्वांत जवळचे आरोग्य केंद्र आणि दुसरे, अशी चार अंतरे गाडीरस्त्याने मोजा. हवाई अंतर घेऊ नका, माणूस आणि ऊस हवेतून जात नाहीत. एका कोष्टकात गावांची नावे आणि ही चार अंतरे लिहा. ते कोष्टक ग्रामसभेत वाचून दाखवा, त्याची एक प्रत साखर आयुक्तांना आणि एक जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना पाठवा, आणि एक पुढच्या वर्षी या व्याख्यानमालेत घेऊन या.